रैथल ते बारसू: एका दिवसात दयारा बुग्याल

गढवालात जंगलाची हद्द संपते तिथून वर, बर्फाच्या रेषेच्या खाली, गवताचे मोठमोठे माळ पसरलेले असतात. तेच बुग्याल. उत्तरकाशी जिल्ह्यातला दयारा हा त्यातला पोहोचायला सोपा आणि म्हणूनच गर्दीचा. बहुतेक लोक तो तंबूत मुक्काम करत तीन-चार दिवसांत करतात. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि दिवसाला जास्तीत जास्त 200 माणसं अशी मर्यादा घातली. त्यानंतर ट्रेक नेणाऱ्यांचे तंबू खाली सरकले, जंगलातल्या मोकळ्या जागांत आले.

आमचं म्हणणं असं, की चालायची सवय असेल तर दयाऱ्यासाठी तंबूच लागत नाही. रैथल गावात झोपावं, पहाटे निघून बुग्याल गाठावा आणि संध्याकाळी दुसऱ्या अंगाने बारसू गावात उतरावं. माळाला विश्रांती मिळते, मुक्कामाचे पैसे गावात राहतात, आणि चालणाऱ्याला शेतं, तीन प्रकारचं ओकचं जंगल, गवत आणि दोन जुनी गावं हे सगळं एका दिवसात पायाखालून जातं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केलेल्या या वाटेची ही हकीकत. ज्यांना जायचंय त्यांनी वेळा आणि उंच्या टिपून ठेवाव्यात.

पहिला दिवस: उत्तरकाशी ते रैथल

देहरादूनहून मसुरी, सुवाखोली, चिन्यालीसौड या रस्त्याने उत्तरकाशी सहा तासांच्या आसपास. पहाटेची गाडी धरली की दुपारचं जेवण उत्तरकाशीत होतं. गावाच्या डोक्यावर वरुणावत पर्वत आहे. 2003 च्या सप्टेंबरमध्ये त्याची कड सुटून बाजारावर आली होती, तिथली डागडुजी अजून खालून दिसते. रोख पैसे, औषधं, टॉर्चचे सेल हे सगळं इथेच घ्यायचं. पुढे भटवाडीला छोटा बाजार आहे, पण हवी ती गोष्ट मिळेलच असं नाही. रैथल आणि बारसूमध्ये तर किराणा सोडून फार काही मिळत नाही.

गंगोत्रीचा रस्ता भागीरथीच्या कडेने जातो. मनेरीला धरणाचं पाणी हिरवंगार दिसतं. भटवाडी आलं की रस्ता खचलेला, पुन्हा भरलेला, पुन्हा खचलेला. 2010 च्या पावसाळ्यात इथली बाजारपेठच सरकली होती, घरं तडकली होती. या पट्ट्यात पावसाळ्यात अर्धा दिवस सहज अडकायला होतं, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावं.

उत्तरकाशी ते रैथल सगळं मिळून चाळीसएक किलोमीटर. भटवाडीला गंगोत्रीचा रस्ता सोडून डावीकडचा डोंगर चढायचा. शेअर जीप दुपारी सुटतात, कारण सकाळी गावातून खाली बाजाराला आलेली माणसं त्याच गाड्यांनी परत जातात. म्हणजे सकाळी उत्तरकाशीहून वर जायला शेअर गाडी मिळणं अवघड आणि दुपारी सोपं. चार वाजून गेले की मात्र वेगळी गाडी करावी लागते.

रैथल सुमारे 2,200 मीटरवर. ऑक्टोबरात गाव कापणीत बुडालेलं असतं. चौलाईची, म्हणजे राजगिऱ्याची, गडद लाल कणसं शेतांच्या पायऱ्यांवर उभी असतात, नाहीतर कापून छपरांवर वाळत टाकलेली. अंगणात राजमा. वाळलेल्या शेंगांचा ढीग करून त्यावर लांब काठीने झोडपतात. शेंग फुटते, दाणे खाली बसतात, वरचं भूस हाताने बाजूला सारतात, मग सुपात पाखडतात. एका अंगणात दोघी जणी हे करत होत्या. रंगीत दाणे एकत्रच पडत होते: पांढरे, तांबडे, तपकिरी ठिपक्यांचे. निवडत का नाही, असं विचारल्यावर एक म्हणाली, "मिलाके बनाओ दीदी, तभी तो स्वाद है." विकत घ्यायचा तर असा अंगणातूनच घ्यावा. रस्त्यावरच्या दुकानातला राजमा गेल्या वर्षीचा असू शकतो, आणि जुना राजमा कितीही भिजवला तरी शिजायला वेळ खातो.

गावात शिरल्यावर बघायचं ते पंचपुरा. पाच मजली जुनं घर, दगड आणि लाकडाचं. गावकरी त्याचं वय पाचशे वर्षं सांगतात. या भागातल्या अशा उंच घरांची बांधणी नीट बघण्यासारखी असते. आधी दगडाचा भक्कम चौथरा. त्यावर देवदाराचे जाड चौकोनी वासे आडवे, त्यांच्या मधल्या जागेत घडीव दगड, मग पुन्हा वासे. कोपऱ्यात एका भिंतीचे वासे दुसऱ्या भिंतीच्या वाशांवर चढवलेले आणि लाकडी खुंट्या ठोकून बांधलेले. चुना-सिमेंट नाही, लोखंडी खिळा नाही. दारं ठेंगणी, खिडक्या मोजक्याच. खाली गुरं, मधे धान्य, वर माणसं.

याचा उपयोग काय, ते 20 ऑक्टोबर 1991 च्या पहाटे कळलं. 6.8 तीव्रतेच्या भूकंपाने उत्तरकाशी जिल्ह्यातली कितीतरी घरं जमीनदोस्त झाली. त्यात मोठा वाटा जाड, नुसत्या दगडांच्या भिंती आणि वर जड छप्पर असलेल्या घरांचा होता. दगडी भिंत हलली की दगड सुटे होतात आणि छप्पर खाली येतं. लाकडाच्या पट्ट्यांनी बांधलेली भिंत मात्र एकसंध हलते: दगड एकमेकांवर घासतात, धक्का जिरवतात, पण वासे त्यांना बाहेर पडू देत नाहीत. पंचपुरा उभं राहिलं. लाकूड मात्र आता ठिकठिकाणी झिजलंय. आत जायचं तर आधी विचारावं, आणि वरच्या मजल्यांवर घोळक्याने चढू नये.

*मुक्कामासाठी:* होमस्टे बरेच आहेत. खोली बघताना गरम पाण्यापेक्षा आधी रजयांचं विचारा, ऑक्टोबरात एकाला दोन लागतात. समुद्रसपाटीवरून थेट आलेल्यांनी शक्य असेल तर रैथलमध्ये एक रात्र जास्त काढावी. चाल एका दिवसाची असल्याने झोप 2,200 ते 2,300 मीटरवरच होते, त्यामुळे उंचीचा त्रास तंबूच्या ट्रेकपेक्षा कमी होतो. तरी एका दिवसात 1,200 मीटर वर जायचं असतं. वर गेल्यावर डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर गोळी घेऊन पुढे रेटायचं नाही, खाली उतरायचं. दोन-तीनशे मीटर उतरलं की बहुतेकांना बरं वाटतं.

रात्रीचं जेवण: मंडुव्याच्या भाकरी (आपली नाचणी), गहतची डाळ (आपला कुळीथ), राईची भाजी आणि घरचं तूप. सोबत पिस्यूं लूण. मीठ, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर पाट्यावर ओलसर वाटतात, आणि जिथे मिळेल तिथे भांगाचं भाजलेलं बी घालतात. हे मीठ पुडीत बांधून घ्यावं. दुसऱ्या दिवशी वाटेत काकडीवर लावून खाल्लं की घामाने गेलेलं मीठही भरून निघतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन कामं नक्की उरकावीत. एक, वनखात्याची परवानगी आणि शुल्क याची गावात चौकशी. दोन, सामानाची व्यवस्था. रैथलहून बारसूला गाडीने जायचं तर भटवाडीला उतरून पुन्हा दुसरा डोंगर चढावा लागतो. त्यामुळे मोठ्या पिशव्या होमस्टेवाल्याकडे द्याव्यात आणि गाडीने बारसूला पोहोचवायला सांगावं. भाडं आधी ठरवावं, बारसूच्या घराचा फोन नंबर ड्रायव्हरला लिहून द्यावा. हे जमलं नाही तर सगळं ओझं पाठीवर घेऊन चढणं येतं आणि पुढची सगळी वेळापत्रकं कोलमडतात.

दुसरा दिवस: दयारा

*पहाटे 5.45, रैथल.* ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या थोडा नंतर. उजाडायच्या बेतात निघावं, मिट्ट काळोखात नको. कापणीच्या दिवसांत अस्वलं शेतांच्या आसपास येतात, चौलाई आणि मका दोन्ही त्यांना आवडतं. गावकरीही या दिवसांत एकेकटे जंगलात जात नाहीत. तीन-चार जणांनी मिळून, बोलत चालावं. गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा, हा सल्ला धुक्यासाठी आणि अस्वलासाठी, दोन्हीसाठी.

पाठीवर काय असावं: दोन लिटर पाणी, डब्यात पराठे, गूळ-शेंगदाणे, पातळ लोकरीचा थर, वारा-पाऊस अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, काठी. वर पहाटे तापमान शून्याच्या आसपास आणि दुपारी उन्हात बाही दुमडावी इतकं गरम. सुती बनियन घालू नये, चढावर भिजतो आणि माळावरच्या वाऱ्यात अंगावर गार पडतो.

वाट गावाच्या वरच्या टोकाकडून सुटते. पहिला अर्धा तास दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना शेतं. शेवटचा नळ लागतो तिथे बाटल्या काठोकाठ भराव्यात. पुढे पाणी लागतं, पण ऑक्टोबर सरत आला की छोटे झरे एकेक आटत जातात.

*6.45, जंगल.* इथून गोई या गवताळ मोकळ्या जागेपर्यंत जवळजवळ सलग चढ आहे आणि चाल एकसुरी वाटायचा संभव आहे. त्यावर उपाय म्हणजे पायाखालचं पान उचलून उलटं करून बघणं. या जंगलात ओकच्या तीन जाती उंचीप्रमाणे एकीवर एक येतात. खाली गावाजवळ बांज: पान वरून हिरवं, खालून रुपेरी-पांढरं. मग मोरू: दोन्ही बाजूंनी हिरवं, चकचकीत. 2,500 मीटर ओलांडले की खरसू: पान जाड, खालून गंजासारखं तपकिरी, कोवळ्या झाडाला कडेने काटे. एकदा हे डोळ्यांत बसलं की उंचीमापक बघावा लागत नाही. खरसूची पानं दिसायला लागली की गोई फार लांब नाही.

बांजाचं जंगल म्हणजे गावाचं पाणी, असं इथे कुणीही सांगेल. झाडाखाली कुजलेल्या पानांचा वीतभर जाड थर असतो. त्यात बोट खुपसून पाहिलं तर महिन्यापूर्वी थांबलेल्या पावसाची ओल अजून लागते. तो थर पाणी धरतो आणि सावकाश खाली सोडतो. म्हणून गावातल्या बायका चाऱ्यासाठी फांद्या छाटतात, पण शेंडा राखतात. बोडकी दिसणारी, बुंध्याला गाठी आलेली झाडं वाटेत बरीच भेटतात, ती या छाटणीची. बुरांसही सगळीकडे आहे. त्याची लाल फुलं मात्र मार्च-एप्रिलमध्ये, ऑक्टोबरात नुसती जाड पानं.

वाटेत पाठीवर चाऱ्याचा भारा घेऊन उतरणाऱ्या बायका भेटतात. त्यांना नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहून वाट द्यावी, दरीच्या बाजूला नव्हे. खेचरांचंही तेच. खेचराच्या पाठीवरचं ओझं रुंद असतं, दरीच्या अंगाला उभ्या माणसाला त्याचा धक्का लागतो, आणि चूक खेचराची नसते.

पानांचा थर सकाळी दवाने ओला असतो, त्याखालचा दगड दिसत नाही. चढताना त्रास नाही, पण याच पानांवरून उतरताना घसरायला होतं. झिजलेल्या तळव्याचे बूट घालून येणाऱ्यांचे हाल बारसूच्या उतारावर होतात.

*8.45, गोई, सुमारे 3,000 मीटर.* जंगल एकदम उघडतं आणि समोर गवताचा उतार, त्यावर छानी. छानी म्हणजे गुरांबरोबर उन्हाळ्यात वर राहायच्या दगड-लाकडाच्या झोपड्या. मे-जूनमध्ये रैथलची माणसं गायी-म्हशी घेऊन इकडे येतात, पावसाळ्यात अजून वर बुग्यालवर जातात आणि थंडी पडायला लागली की टप्प्याटप्प्याने उतरतात. ऑक्टोबरात बहुतेक छानी रिकाम्या होत्या, एकाच छपरातून धूर येत होता. आतल्या आजोबांनी ताक दिलं. पैसे घेतले नाहीत. जवळचा गूळ मात्र आनंदाने घेतला. गुरं खाली का गेली, असं विचारल्यावर त्यांनी गवताचा एक झुबका उपटून दाखवला: वरून पिवळा, मुळाशी जेमतेम हिरवा. "अब इसमें दूध नहीं है," एवढंच म्हणाले.

इथे वीस मिनिटं थांबून भरपेट खाऊन घ्यावं. पुढचा टप्पा आजच्या दिवसातला सगळ्यात उभा, आणि वर वाऱ्यात बसून खाणं होत नाही. पाणीही भरून घ्यावं. उघड्यावरचं पाणी गुरांच्या चराईखालून येतं, त्यामुळे गाळून, गोळी टाकून अर्धा तास थांबून प्यावं.

गोईत एक अडचण आहे. गुरांच्या पायवाटांचं जाळं सगळ्या उतारावर पसरलेलं असतं आणि प्रत्येक वाट खरी वाटते. खेचरांची रुंद, दगड बसवलेली वाट तीच खरी. वाट फूटभर रुंद आणि सपाटीने चालायला लागली, की ती गुरांची समजावी आणि मागे फिरावं.

धनगरांचे कुत्रे हा दुसरा विषय. कळप जवळ असेल तर मोठे, केसाळ भोटिया कुत्रे असतात. काहींच्या गळ्यात बिबट्यापासून बचावासाठी खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो. कळपाच्या मधून जाऊ नये. कुत्रा भुंकत आला तर पळू नये, काठी उगारू नये. जागेवर थांबून धनगराला मोठ्याने हाक मारावी. तो शीळ घालतो आणि कुत्रा फिरतो.

*10.45, बुग्याल, सुमारे 3,400 मीटर.* शेवटची खरसूची आणि देवदारासारखी उंच 'रागा' नावाची झाडं मागे पडतात आणि माळ सुरू होतो. दयारा सपाट नाही, लाटांसारखा आहे. एक उंचवटा चढला की पुढचा दिसतो. ऑक्टोबरात तो हिरवा नसतो, पिकल्या गव्हाच्या रंगाचा असतो. हिरवा गालिचा आणि फुलं बघायची असतील तर जुलै-ऑगस्ट, पण तेव्हा शिखरं ढगात. शिखरं बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. दोन्ही एका फेरीत मिळत नाही.

हवा स्वच्छ होती. एकीकडे बंदरपूंछ (6,316 मीटर) आणि काळानाग (6,387 मीटर), इकडे श्रीकंठ (6,133 मीटर), गंगोत्रीची शिखरं, जौनली, द्रौपदी का डांडा. या ओळीसाठी साडेअकराच्या आत पोहोचायचं. दुपारी दरीतली गरम हवा वर चढते, ढग बांधते, आणि पाहता पाहता सगळी ओळ झाकली जाते. त्या दिवशी पहिला ढग सव्वाबाराला श्रीकंठाला लागला.

गवतात बसून बघितलं की हा माळ किती नाजूक आहे ते दिसतं. वर गवताच्या मुळांची घट्ट विणलेली चटई, चार-सहा बोटं जाड. तिच्याखाली काळी, भुसभुशीत माती आणि त्याखाली सुटे दगड. चटई अखंड आहे तोवर बर्फाचं पाणीही तिच्यावरून नुसतं वाहून जातं. एकदा ती फाटली, की पाणी त्या फटीतून आत शिरतं, माती धुऊन नेतं, फट रुंदावते, कडेची चटई लोंबायला लागते आणि तुटून पडते. काही वर्षांत तिथे माणूस उभा मावेल इतकी घळ होते. फाडतो कोण? गुरांचे खूर थोडं फाडतात. पण तंबूच्या भोवती खणलेले चर आणि चिखल टाळायला वाटेच्या कडेने चालणारी माणसं जास्त फाडतात. मूळ वाट चिखलाची झाली की दुसरी पडते, मग तिसरी. एका ठिकाणी शेजारी शेजारी पाच चाकोऱ्या मोजल्या.

वनखात्याने इथे एक चांगलं काम केलंय. घळींमध्ये बांबूच्या आडव्या काठ्या, त्यांच्या मागे चीड पाइनच्या वाळल्या पानांचे, म्हणजे पिरूलचे, गठ्ठे, आणि उघड्या मातीवर काथ्याच्या जाळ्या. पिरूल पाण्याचा वेग मोडतं, माती मागे साचते, काथ्या ओल धरतो आणि त्याच्या विणीत गवताचं बी अडकतं. काही वर्षांत काथ्या कुजून मातीतच जातो, मागे काढायला काही उरत नाही. जवळून पाहिलं तर जाळीच्या चौकटीतून कोवळी पाती वर आलेली दिसतात. या जाळ्यांवर बसायचं नाही, त्यावरून चालायचं तर मुळीच नाही. एका पावलाने तिची खुंटी उपटली गेली, की खालून पाणी शिरतं आणि सगळी पट्टी निघून येते. चिखल असला तरी मुख्य वाटेनेच, एकामागे एक चालावं. बूट धुता येतात.

*12.15, बकरिया टॉप, साडेतीन हजारांच्या वर.* दम असेल आणि ढग नसतील तरच. बुग्यालच्या कडेने जाऊन-येऊन दीड तास धरावा. वर वारा कापतो. एक वाजता, आपण जिथे असू तिथून, परत फिरायचं. हा नियम ढिला करू नये. सूर्यास्त सहाच्या आसपास असला तरी बारसूचं जंगल दाट आहे, पाच वाजताच तिथे अंधारून येतं.

धुकं आलं तर: माळावर दहा पावलांपलीकडचं दिसेनासं होतं आणि सगळे उंचवटे एकसारखे वाटतात. लोक हमखास ओढ्याच्या कडेने खाली उतरायला लागतात, कारण ओढा गावाकडे जाणार असं वाटतं. इथले ओढे कड्यांवरून पडतात. थांबावं, एकत्र बसावं, धुकं विरळ होऊ द्यावं. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असावा, वर नेटवर्कचा भरवसा नाही.

*1.15, उतार.* बारसूची वाट आणि रैथलची वाट बुग्यालच्या कडेला वेगवेगळ्या सुटतात. इथे वाट चुकली तर दोन-तीन तासांनी आपण पुन्हा रैथलमध्ये आणि सामान बारसूत. जंगलात शिरायच्या आधी वाटाड्याला विचारून किंवा नकाशावर बघून खात्री करावी.

चढताना श्वास पुरतो की नाही हा प्रश्न असतो, उतरताना गुडघ्यांचा. 1,100 मीटर सलग उतार आहे. काठीची लांबी चार-पाच बोटं वाढवावी, बुटांच्या नाड्या घोट्याजवळ आवळून बांधाव्यात म्हणजे अंगठ्याचं नख पुढे आपटत नाही. पावलं छोटी टाकावीत. दगडी पायरी ओली असेल तर आधी टाच न टेकता पूर्ण तळवा एकदम टेकवावा.

*2.45, बरनाला.* जंगलात मधेच गवताची वाटी आणि तिच्यात छोटं तळं. पावसाळ्यानंतर पाणी चांगलं असतं, पुढे कमी होत जातं. इथे तंबू लागतात, त्यामुळे कचराही दिसतो, चुलींचे काळे डागही. तरी थांबावं अशी जागा आहे. एका मोनाल नराने समोरच्या झुडपातून झेप घेतली आणि शीळ घालत उतारावरून खाली गेला: निळी-हिरवी पाठ, पांढरी कंबर, तांबूस शेपूट, सगळं एका क्षणात. मोनाल उडताना बहुधा उताराकडे उडतो, म्हणून वरच्या वाटेवरून चालणाऱ्याला त्याचे रंग जास्त दिसतात.

बरनाल्यानंतर रिंगाळाची बेटं लागतात. रिंगाळ म्हणजे बोटाएवढा बारीक बांबू. गावातल्या टोपल्या आणि सुपं याचीच. गावाजवळ आल्यावर वाटेच्या कडेला कंडाळी, म्हणजे बिच्छू घास, माजलेली असते. हात लागला तर तास-दोन तास आग होते. चोळू नये, चोळल्याने केस आत रुततात. चिकटपट्टी लावून ओढून काढावेत, मग पाण्याने धुवावं.

*4.45, बारसू, सुमारे 2,300 मीटर.* एकूण सतरा-अठरा किलोमीटर, थांबे धरून अकरा तास. टॉप वगळला तर साडेनऊ.

तिसरा दिवस: बारसू

बारसू रैथलपेक्षा लहान आणि शांत. गावालगत तळं आहे, सफरचंदाच्या बागा आहेत, दाराच्या चौकटींवर जुनं कोरीव काम अजून टिकून आहे. पठालीच्या, म्हणजे पातळ दगडी फरश्यांच्या, छपरांच्या जागी रंगीत पत्रा झपाट्याने येतोय. एका घरमालकाने कारण सांगितलं: पठाल काढून बसवणारे कारागीर आता गावात दोनच उरलेत, आणि पत्रा एका दिवसात बसतो. पत्र्याच्या घरात थंडी जास्त वाजते, हेही त्यानेच सांगितलं.

सकाळी नाश्त्याला झंगोऱ्याची खीर होती. वरीच्या तांदळाची आठवण येते, पण दाणा जरा भरड. गुडघे दुखत असतील तर ही सकाळ गावात घालवावी आणि दुपारी उतरावं. उत्तरकाशीला थेट जाणाऱ्या गाड्या सकाळी लवकर सुटतात. चुकली तर गंगोत्रीच्या रस्त्यापर्यंत खाली जाऊन तिथे येणारी गाडी धरायची.

उलट दिशेने, म्हणजे बारसूहून चढून रैथलला उतरणंही जमतं. पण पंचपुरा आणि गाव बघायला दिवसाउजेडी वेळ हवा असतो, आणि दहा-अकरा तास चालून आलेल्या माणसाचं लक्ष त्यात राहत नाही. रैथलला आदल्या दुपारी पोहोचणं म्हणूनच बरं.

महिन्यांचं बोलायचं तर: डिसेंबरपासून मार्चपर्यंत वर बर्फ असतो, तेव्हा ही एका दिवसाची चाल नवख्यांनी करू नये. बर्फात वेग निम्मा होतो आणि एक वाजता परत फिरायचं तर बुग्यालची कडही गाठता येत नाही. मे ते जूनचा पहिला पंधरवडा चांगला, दुपारी गारांचा पाऊस येऊ शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं आणि जळवा दोन्ही. ऑगस्टच्या मध्यावर, भाद्रपद संक्रांतीला, रैथलची माणसं दयाऱ्यावर अंढूडीचा उत्सव करतात. गुरांनी माळावर चरून दिलेल्या दुधाबद्दल निसर्गाचे आभार म्हणून एकमेकांना लोणी फासतात, ताक उडवतात, ढोल-दमाऊवर नाचतात. तेव्हा रैथलमध्ये खोली मिळणं कठीण असतं, आधीच सांगून ठेवावी लागते. आणि तोच दरडींचा हंगाम असल्याने जाण्या-येण्याला दोन्हीकडे एकेक दिवस राखून ठेवावा.